जोडसुट्टीत तीन दिवस सायकलवर: मांडवा-श्रीवर्धन किनारा की बोरघाटाने वाई-पाचगणी?

प्रश्न (टोपणनाव): घोडबंदरचा चढ

यंदा प्रजासत्ताक दिन सोमवारी आल्यामुळे २४, २५ आणि २६ जानेवारी २०२६ अशी सलग तीन दिवसांची सुट्टी मिळत आहे. हवा कोरडी आहे, पहाटे अंगात पातळ जाकीट घालावे लागते आणि पावसाची शक्यता नाही. सायकलीसाठी याहून चांगला काळ वर्षभरात क्वचितच मिळतो, म्हणून मी, माझी पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी भाची अशा तिघांनी ठाण्याहून निघून तीनही दिवस सायकलवर राहायचे ठरवले आहे. माझी रोडबाइक आहे आणि दोघींकडे गिअरच्या हायब्रिड आहेत. रविवारी सकाळी सत्तर-ऐंशी किलोमीटर जाऊन येण्याचा तिघांनाही सराव आहे, मात्र सामान लावून लागोपाठ तीन दिवस आम्ही अद्याप गेलेलो नाही.

डोळ्यांसमोर दोन मार्ग आहेत. पहिला जुन्या महामार्गाने बोरघाट चढून पुणे आणि पुढे वाई-पाचगणी असा, तर दुसरा बोटीने मांडव्याला उतरून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन असा किनाऱ्याचा. जोडसुट्टीत दोन्हीकडे मोटारींची गर्दी असणार, हे गृहीत धरले आहे. दिवसाला किती अंतर ठेवावे, गर्दी कशी टाळावी आणि परतीची सोय काय करावी, याविषयी जाणकारांनी सांगावे. आम्हाला अंतराचा विक्रम करायचा नाही, रस्त्यावरचा वेळ आनंदात जावा एवढीच अपेक्षा आहे.

उत्तर: खाडीपल्याड

किनाऱ्याचा मार्ग घ्या, आणि तो मुख्यतः खाड्यांसाठी घ्या. मुरूडच्या पुढे आगरदांडा येथे रस्ता संपतो आणि राजपुरीची खाडी फेरीबोटीने ओलांडून दिघीला उतरावे लागते. सुट्टीच्या दिवशी या जेटीवर मोटारींची लांब रांग लागते, कारण बोटीवर एका खेपेला मोजक्याच गाड्या मावतात. सायकलला मात्र बोटीच्या कडेला जागा मिळते आणि रांगेला वळसा घालून पुढे गेल्यास कोणी हरकत घेत नाही. दिवेआगर आणि श्रीवर्धनला येणारे बहुतेक पर्यटक माणगाव-म्हसळा रस्त्याने येतात. त्यामुळे दिघीच्या बाजूला उतरल्यावर ऐन सुट्टीतही रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो.

अंतराचे म्हणाल तर पहिल्या दिवशी मांडवा ते मुरूड सुमारे ७० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी मुरूड ते श्रीवर्धन पन्नासच्या आत-बाहेर आणि तिसऱ्या दिवशी श्रीवर्धन ते माणगाव पुन्हा तितकेच, एवढे पुरेसे आहे. हे आकडे तुम्हाला किरकोळ वाटतील. मात्र किनाऱ्याचा रस्ता नकाशावर दिसतो तसा सपाट नाही. प्रत्येक खाडी आणि प्रत्येक पुळण यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड समुद्रात उतरलेली आहे आणि रस्ता तिच्यावरून चढून पलीकडे उतरतो. एकही चढ मोठा नसतो, पण त्यांची संख्या पायांना जाणवते. शिवाय २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते, तशी तुमच्यामागे कोणतीही मुदत नाही. मग घाई कशासाठी करायची?

खरे नियोजन घड्याळाचे करावे लागेल. सुट्टीतल्या मोटारींचे वेळापत्रक ठरलेले असते: शनिवारी सकाळी दहाच्या पुढे त्या अलिबाग-काशीदच्या रस्त्यावर दाटतात, रविवारी पुळणींजवळ उभ्या राहतात आणि सोमवारी दुपारचे जेवण झाले की परत फिरतात. या दिवसांत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी सकाळची पहिली रो-रो (वाहने नेणारी) बोट पकडा. ती सायकली घेते आणि तासाभरात पोहोचवते, मात्र सुट्टीत वेळापत्रक बदलू शकते, म्हणून जागा आधी राखून ठेवा. (अटल सेतूवर सायकलला परवानगी नाही, हा विचार कोणाच्या मनात आला असल्यास सोडून द्यावा.) अलिबाग, चौल आणि रेवदंडा हा पट्टा जितका लवकर मागे पडेल तितका पुढचा दिवस सुखाचा जाईल. रविवार आणि सोमवार मात्र तुमच्या हातात आहेत. उजाडताच निघून साडेदहापर्यंत मोठा टप्पा उरकावा, दुपार सावलीत घालवावी आणि राहिलेले अंतर चारनंतर कापावे.

वाऱ्याचाही हिशेब ठेवा. जानेवारीत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पण तो मंद असतो. ऊन चढले की दिशा पालटते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा चांगलाच जोर धरतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीमागून तिरका मिळतो. हाच प्रवास श्रीवर्धनहून अलिबागकडे केला, तर दुपारभर तोच वारा समोरून छातीवर घ्यावा लागतो आणि पन्नास किलोमीटरला सत्तरइतके श्रम पडतात. त्यामुळे मार्गाची दिशा बदलू नका.

या संपूर्ण मार्गात मला सर्वांत प्रिय असलेला तुकडा दिवेआगर ते श्रीवर्धन हा आहे. भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावी अशी गावे घेत रस्ता समुद्राला चिकटून जातो. कुठे तो लाटांच्या पातळीवर असतो, तर कुठे कड्यावर चढून खालचे खडक दाखवतो. भरडखोलला होड्या, जाळी आणि वाळत घातलेली मासळी यांतून वाट काढावी लागते. हा पट्टा रविवारी दुपारी चारनंतर ठेवा, म्हणजे उजव्या हाताला समुद्रावर कलते ऊन मिळेल. सावली मात्र पूर्वीइतकी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील नारळी-पोफळीच्या वाड्यांची मोठी हानी केली आणि नव्याने लावलेल्या झाडांना उंची गाठायला वर्षे लागतात.

उत्तर: मेणवलीचा घाट

मी वाई परिसरातील आहे आणि इथे येणाऱ्या सायकलस्वारांचे एरवी मनापासून स्वागत करतो, परंतु या तीन दिवसांत येऊ नका, असेच सांगेन. वाई ते पाचगणी हा पसरणीचा घाट सुमारे बारा किलोमीटरचा असून चढ सलग आणि समतोल आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे तो चढण्यासारखे सुख नाही. मात्र जोडसुट्टीत, त्यातून स्ट्रॉबेरीच्या हंगामात, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वळणावळणावर अडकून पडतात आणि चढणाऱ्या सायकलस्वाराला त्यांचा धूर तासभर घ्यावा लागतो.

त्याशिवाय ठाण्याहून वाईपर्यंतचे अंतरच सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. त्यात बोरघाट आणि खंबाटकी असे दोन घाट आहेत आणि खंबाटकीत मालवाहू वाहनांची संगत करावी लागते. बोरघाटात सायकलस्वार शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता धरतात. तो अंतराने लहान असला तरी सामान लादलेल्या हायब्रिडवर दमवणारा आहे. फेब्रुवारीत मधल्या वारी सवड काढता आली, तर पुण्यापर्यंत रेल्वेने या, वाईला मुक्काम करा आणि पसरणीच्या आधी एक सकाळ धोम धरण आणि मेणवली यांच्यासाठी ठेवा. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट पाहायला सायकलसारखे वाहन नाही, कारण तिथल्या गल्ल्यांत मोटार वळवतानाच माणसाचा निम्मा उत्साह संपतो.

उत्तर: चौलची वाडी

खाडीपल्याड यांच्याशी सहमत आहे. स्थानिक म्हणून थोडी भर घालतो.

नागाव ते रेवदंडा हा रस्ता अरुंद असून दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे आहेत. समोरासमोर दोन मोटारी आल्या की सायकलला कडेला उतरायलाही जागा उरत नाही. अशा वेळी कडेला चिकटून चालवू नका. आपल्या लेनमध्ये ठामपणे राहा आणि मागच्या गाडीला मोकळी जागा दिसेपर्यंत थांबू द्या. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, कारण झाडांच्या सावलीतून अचानक उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना चालकाला सायकल उशिरा दिसते. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला उतरलात की कोर्लईपासून रस्ता मोकळा होत जातो. काशीदची पुळण मात्र थांबण्याजोगी राहणार नाही. पाणी भरून पुढे निघावे आणि फणसाड अभयारण्याच्या कडेच्या झाडीत विसावा घ्यावा.

जेटीविषयी एक सूचना. उतार शेवाळामुळे निसरडा असतो आणि क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) लावलेल्या बुटांनी त्यावर चालणे धोक्याचे आहे. तिथे साधी चप्पल घाला आणि सायकल हातात धरून न्या. हे तीन दिवस माघ शुद्ध षष्ठी ते अष्टमीचे आहेत. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असतो, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत उताराचा जो लांबलचक ओला भाग उघडा पडतो तो तुमच्या वाट्याला येणार नाही.

सोमवारी सकाळी गावोगावी शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात आणि झेंडावंदनासाठी सगळे गाव रस्त्यावर असते. तिथे घंटी वाजवत वाट काढू नका. पाच मिनिटे उतरून उभे राहा, मुलांना सायकली पाहायला आवडतात.

घोडबंदरचा चढ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. किनाऱ्याचा मार्ग नक्की केला आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. माणगावहून तीन सायकलींसह परत यायचे कसे आणि सायकलींची कोणती तयारी आधी करावी? पत्नीचा आणखी एक प्रश्न आहे: तिघांचा वेग वेगळा असताना एकत्र कसे राहावे?

उत्तर: चेन आणि तेल

परतीसाठी माणगाव हे कोकण रेल्वेचे स्थानक सोयीचे आहे आणि दुपारनंतर येणारी सावंतवाडी-दिवा गाडी तुम्हाला दिव्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ घरापर्यंत आणते. मात्र जोडसुट्टीच्या अखेरच्या दिवशी त्या गाडीत माणसांनाच उभे राहणे कठीण असते, मग तीन सायकली चढवणे दूरच राहिले. रेल्वेवर अवलंबून राहायचे असल्यास सायकली सामान म्हणून नोंदवता येतील का, हे स्थानकावर आधी विचारून घ्या. माझा सल्ला विचाराल तर माणगावहून परतीसाठी छोटा टेम्पो आठवडाभर आधीच ठरवा आणि सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी किंवा पोती घाला. गिअरची बाजू दुसऱ्या सायकलीच्या दांड्यावर टेकू देऊ नका, कारण मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर थोडा जरी वाकला तरी गिअर बिघडतात.

सोमवारी श्रीवर्धनहून उजाडताच निघा. म्हसळ्यापुढे घोणसे घाट आहे, तिथे वळणे तीव्र आहेत आणि दुपारनंतर परतीच्या गाड्यांची रीघ लागते. प्रभातफेऱ्यांसाठी थांबलात तरी दुपारच्या आत माणगाव गाठता येईल.

तयारीपैकी टायरकडे सर्वांत आधी पाहा. किनाऱ्यालगतचे रस्ते जागोजागी उखडलेले असतात आणि वळणांवर जांभ्याची खडी पसरलेली असते. तुमच्या रोडबाइकला २५ मिलिमीटरचे टायर असतील आणि चौकटीत जागा असेल, तर २८ चे घाला आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. हात आणि कंबर तिसऱ्या दिवशी याबद्दल दुवा देतील. प्रत्येक आकाराच्या दोन सुट्या ट्यूब, पॅच, टायर लिव्हर आणि पंप बरोबर असू द्या, कारण अलिबाग सोडल्यावर रोडबाइकची ट्यूब दुकानात मिळेल असे समजू नये. ब्रेकची रबरे झिजली असतील, तर निघण्याआधी बदला. खाऱ्या हवेत चेन एका रात्रीत तांबूस होते, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने ती पुसावी, कोरडी करावी आणि मगच थेंब-थेंब तेल द्यावे. सामान पाठीवर घेऊ नका. कॅरिअरवर किंवा सीटमागच्या पिशवीत बांधा. पाठ मोकळी राहिली की घाम वाळतो आणि मान भरून येत नाही.

वेगाच्या प्रश्नाला सोपे उत्तर आहे. सर्वांत सावकाश जाणाऱ्या व्यक्तीला सपाटीवर पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी तिच्या मागे राहावे. चढावर मात्र ज्याने त्याने आपल्या गतीने जावे आणि माथ्यावर थांबावे. पुढे पोहोचलेल्याने मागचा आला की लगेच निघायचे नाही, कारण त्यामुळे विश्रांती फक्त वेगवान माणसाला मिळते आणि दमलेला अधिक दमतो. हा नियम घरून निघतानाच ठरवून घ्या.

उत्तर: खाडीपल्याड

टेम्पोचा सल्ला योग्य आहे.

खाण्यापिण्याचे राहिले होते. दुपारी पारा ३० अंशांच्या पुढे जातो आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि त्यात चिमूटभर मीठ-साखर घेत राहा. वाटेत ठिकठिकाणी कोकम सरबत मिळते, ते मीठ घालून मागा. राजगिऱ्याचे लाडू आणि केळी बरोबर ठेवा, म्हणजे भूक लागण्याआधी खाता येईल. तहान आणि भूक जाणवल्यावर खायला घेतले, तर पुढचा चढ जड जातो. दिवेआगरला घरगुती खाणावळी चांगल्या आहेत, पण तिथे माणशी मोजून स्वयंपाक करतात. रविवारी दुपारी तीन पाने हवी असतील, तर शनिवारी संध्याकाळीच फोन करून सांगा आणि मोदक हवे असल्यास तेही त्याच वेळी सांगून ठेवा. त्या दिवशी रथसप्तमी आहे, बहुधा आयत्या वेळी मिळणार नाहीत. जेवणानंतर लगेच सायकलवर बसू नका. शेखाडीचा रस्ता चारपर्यंत थांबायला तयार असतो.