मदत हवी आहे: जुन्या ढंगाच्या तीनचाकी किट-कारचं नाक सुरक्षा चाचणीत कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात वुस्टरशरमध्ये राहते. माझ्याकडे एक लोमॅक्स २२३ ही किट-कार (सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी) आहे, अर्धी जोडलेली आणि अजून रस्त्यावर न आलेली. पुढे दोन चाकं, मागे एक, फायबरची बॉडी, आणि १९३० च्या सुमाराच्या मॉर्गन या इंग्लिश तीनचाकीसारखं इंजिन नाकावर उघडं. मॉर्गनला व्ही-ट्विन (‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर) असायचं. हिला सिट्रोएन टू-सीव्ही या जुन्या छोट्या फ्रेंच गाडीचं ६०२ सीसीचं, हवेने थंड होणारं आडवं दोन सिलिंडरचं इंजिन आहे.

लोमॅक्स १९८० च्या दशकातली. घरी बांधलेल्या चारचाकीला इथे १९९८ पासून चाचणी सक्तीची झाली, तीनचाकीला २००३ पासून. म्हणजे हिचा आराखडा झाला तेव्हा हे नियम नव्हतेच. आता एमएसव्हीए ही चाचणी (दुचाकी-तीनचाकींची, एकेका गाडीची सुरक्षा तपासणी) पास झाल्याशिवाय नंबर मिळणार नाही. जुन्या टू-सीव्हीचा नंबर लाव असं कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगते: त्यासाठी मूळ चासी (गाडीचा खालचा सांगाडा) वापरलेली असावी लागते. हिची चासी नवी, नळ्यांची आहे. तो रस्ता बंद.

ब्रेकची मला चिंता नाही. पायाचा ब्रेक तिन्ही चाकांवर आहे आणि हँडब्रेक टू-सीव्हीप्रमाणेच पुढच्या चाकांवर. (पुढे डिस्क असलेली टू-सीव्ही कोणी उघडणार असेल तर जपून. तिला हिरवं एलएचएम तेलच लागतं, साध्या ब्रेक ऑइलने सील खलास होतात.) आरसे आणि दिवे वर्तुळातल्या ‘ई’ची खूण असलेले घेतले. हेडलाइट जमिनीपासून किमान ५०० मिमी आणि इंडिकेटर ३५० मिमी उंच हवेत, तेही जमेल.

खरी अडचण बाहेरच्या कडांची आहे. १०० मिमी व्यासाचा गोळा गाडीला बाहेरून जिथे जिथे टेकेल, तिथली कड निदान २.५ मिमी त्रिज्येने गोल हवी. रस्त्यावरचा माणूस गाडीला धडकला तर चिरला जाऊ नये, यासाठीचा हा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण या गाडीचं रूप ज्यात आहे, ते सगळंच बाहेर आहे. चाकांसोबत वळणाऱ्या मडगार्डांच्या कडा म्हणजे नुसता कापलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. चाकांवर दोन कानांचे शोभेचे नट. सायलेन्सर डाव्या अंगाने उघडा, त्याचं तोंड करवतीने कापलेलं.

आणि इंजिन! आधीच्या मालकाने पंखा आणि त्याभोवतीचा पत्रा काढून टाकला, सिलिंडरच्या फिन (हवेने थंड होण्यासाठीच्या पातळ पट्ट्या) दिसाव्यात म्हणून. दिसतात फार सुंदर. पण बोट फिरवलं तर एकेक फिन पट्टीच्या धारेसारखी लागते. रॉकर कव्हर, म्हणजे सिलिंडरच्या टोकाचं व्हॉल्व्हवरचं झाकण, दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं आहे आणि त्याच्या मधोमध लांब बोल्टचं टोक.

बोनेटने सगळं झाकलं तर चाचणी पास होईल, पण मग ती ही गाडी राहणार नाही. इंजिन दिसतं ठेवून हे कसं साधावं? पुण्यात वाहनचाचणीच्या कामात असलेले बरेच जण इथे आहेत, कृपया सांगा. कानस मारायला मी तयार आहे, पण फिन घासणं मला पटत नाही.

प्रतिसाद

ताई, फिनला हात लावू नका. पंखा आणि पत्रा परत बसवा, हे आधी. टू-सीव्हीचा ऑइल कूलर त्या पंख्याच्याच मागे असतो. पंखा नसला तर सिग्नलला उभ्या गाडीत तेल तापत राहणार. पत्रा चढला की फिनचा प्रश्नही मिटला, आणि नाकावर इंजिन दिसतंच, फक्त कोट घातलेलं. पत्र्याच्या कडा तेवढ्या दुमडून घ्या.

मडगार्डला घमेल्याच्या काठासारखी तार घालून कड गुंडाळून घ्या. रबरी बीडिंगही चालतं, ६० शोअर-ए (रबराच्या कडकपणाचं माप) पेक्षा मऊ असेल तर, पण हाताने ओढून निघता कामा नये. रॉकर कव्हरच्या बोल्टला डोम नट (गोल टोपीचा नट). कानांचे नट सरळ काढून टाका, त्यात वाद नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी जाड रिंग वेल्ड करून गोल करा आणि पाय टेकतो तिथे उष्णतारोधक पत्रा लावा. चाचणीत कोणी काही म्हणो न म्हणो, शेजारी बसणाऱ्याची पोटरी भाजायला नको.

पंख्यापुढे जाळी लावणार असाल तर सळ्यांमधलं अंतर बघा. २५ ते ४० मिमी असेल तर सळीच्या कडेला १ मिमी त्रिज्या पुरते, २५ च्या आत असेल तर अर्धा मिमी. साधी गोल तार त्यात सहज बसते.

रॉकर कव्हरभोवती २५ मिमी नळीची एक गोल कमान घेतलीत, तर गोळा आधी नळीला टेकेल आणि आतल्या गोष्टी हिशोबातच येणार नाहीत.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. तेलाच्या तापण्याचा मुद्दा निर्णायक ठरला, पंखा परत येतोय. कमानीची कल्पना तर फारच आवडली, कारण हेडलाइटही तिच्यावरच बसवता येतील, जुन्या गाड्यांना आडव्या दांड्यावर असायचे तसे.

एकच विचारते. इंजिन रबरी माउंटिंगवर आहे, आणि दोन सिलिंडरचं हे इंजिन संथ चालीला चांगलंच हलतं. कमान इंजिनवर धरली तर हेडलाइट थरथरणार, म्हणून ती चासीवर धरायची असं मनात आहे. मग कमान आणि रॉकर कव्हर यांच्यात किती फट ठेवू? २० मिमी पुरेल का? टॅपेट लावायला (व्हॉल्व्हची फट जुळवायला) कव्हर काढावं लागतं, तेव्हा दर वेळी कमान सोडवायला लागू नये.