दूध पचत नाही, बाळाला कॅल्शियम कमी पडेल का?

ओवीची_आई:
बाळ ३ महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. मला लहानपणापासून दूध पचत नाही, पोट फुगतं न मग जुलाब. सासूबाई प्रेमानेच म्हणतात पण रोज म्हणतात, तू दूध पीत नाहीस तर तुझ्या दुधात कॅल्शियम येणार कुठून, बाळाची हाडं कच्ची राहतील. रात्री पाजताना तेच डोक्यात फिरत राहतं. कंबर पण दुखते. गाईचं दूध सुरू करू का वरून?

रेवा७:
अगं नको नको, ६ महिने वरचं पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ३० मिग्रॅ कॅल्शियम असतं आणि तू काय खाल्लंस त्यावर ते फारसं हलत नाही. गाईच्या दुधात १२० च्या आसपास असतं, पण अंगावरच्या दुधातलं बाळाला जास्त चांगलं लागतं. तुझ्या जेवणात कमी पडलं तर शरीर तुझ्या हाडांतून काढून बाळाला देतं. दूध सुटल्यावर हाडं बहुतेक भरून येतात, तरी आत्ता जपायचंय ते तुला.

शुभा_कोल्हापूर:
मलाही दूध चालत नव्हतं, पण ताक चालायचं. आई रोज सकाळी नाचणीची आंबील ताक घालून द्यायची, १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं. बाळंतिणीला दिवसाला १२०० लागतं म्हणे, म्हणून जेवताना तिळाची चटणी हवीच, तीळ बिनपॉलिशचे घे. शिवाय मेथी, राजगिरा, चालत असेल तर सुकट. पालकावर मात्र भिस्त ठेवू नको, त्यातलं कॅल्शियम अंगी फार कमी लागतं.

मनू_अमरावती:
गोळ्या घेतेस ना? सरकारी दवाखान्यात ५०० मिग्रॅच्या फुकट मिळतात, दिवसाला २, बाळंतपणानंतर ६ महिने. मी लोहाची न ही एकदमच गिळायचे, आशाताईंनी टोकलं तेव्हा कळलं की दोन्हीत किमान २ तास अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. आणि बाळाला व्हिटॅमिन डी चे थेंब, रोज ४०० युनिट, डॉक्टरांना विचारून. आईच्या दुधात डी फार कमी असतं, सगळे कॅल्शियम कॅल्शियम करतात न हेच राहून जातं. कंबरेचंही तेव्हाच दाखवून घे.

ओवीची_आई:
थेंब सुरूच केले नव्हते गं, उद्याच विचारते. ताक चालतं मला! सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्या नाचणी दळून आणायला निघाल्यात. बिनपॉलिशचे तीळ म्हणजे ते करडे दिसतात तेच का?

शुभा_कोल्हापूर:
हो तेच, मंद आचेवर भाजून मग कुट.