अनुभव लिहा : कागदावरचं मराठी तुम्हाला कधी चकवून गेलं?

काल माळा झाडताना आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. १९५४ चं खरेदीखत निघालं. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात, म्हणून मराठीतच. लहानपणी हेच आजीला वाचून दाखवलेलं. 'लिहून देणार', 'लिहून घेणार' ऐकून ती घाबरलीच. "देणार म्हणजे अजून दिलंच न्हाई होय रे? मग एवढी वर्षं कुणाचं शेत कसतोय आपण?" देणार म्हणजे विकणारा आणि घेणार म्हणजे आपले आजोबा, हे पटवण्यात माझा तास गेला. "मग तसंच लिहायला काय झालं होतं?" म्हणाली. तुमचेही येऊ देत.

खानापूरवाली : सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डावर गोळीपुढं 'टीडीएस'. ते बँकेतनं रिटायर. म्हणतात, गोळीवर पण कर कापायला लागले काय! दिवसातनं तीनदा, एवढंच होतं हो ते. दोन दिवस एकेकच खाल्ली. कुकर झाला, येते.

निपाणीकर : हाहाहा. पुण्याची वहिनी जुना उतारा बघून विचारते, पोटखराबा ५ गुंठे, कुणाचं पोट बिघडलंय? न पिकणारी जमीन म्हटल्यावर, "मग तसं लिहा की."

अथणीचा भाऊ : ट्रंक विकणार काय दादा?

दस्तवाला : मी वकिलाकडं कारकून. 'सबब', 'सदरहू' काढले तर कुणाचं अडत नाही. चतुःसीमेला मात्र हात लावू नका. पूर्वेला कोण, पश्चिमेला ओढा, हे नीट नसलं की बांधावर डोकी फुटतात. आणि साधं लिहिलं की पक्षकारच म्हणतात, वजन नाही ओ ह्याला, जरा जड लिहा. फी पण जड द्यायची असते ना.

चिकोडीची ताई : आईला बँकेचं पत्र, 'खाते एनपीए'. तिला वाटलं कसलीतरी योजना लागली. हप्ता ९० दिवसांच्या वर थकलाय एवढं लिहायचं की. आमच्या गल्लीत पेढे वाटायचे राहिले.

खानापूरवाली : अगं बाई. भरले का मग?

चिकोडीची ताई : उसाचं बिल आल्यावर.

धागाकर्ता : भाऊ, ट्रंक नाही विकायची, आई मारेल. नवा उतारा मोबाईलवर काढलाय, सगळा कन्नडात.

निपाणीकर : शेजारचं पोर कन्नड शाळेत जातंय न्हवं? त्याला वाचाय सांगा.

धागाकर्ता : तोच बसलाय इथं. 'खराब'पाशी येऊन अडलाय.