मदत हवी आहे: पीसीतून टकटक आवाज, टॅली आत अडकलंय

सेक्रेटरी_वैतागलेला:
रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आणि ऑफिसातला पीसी परवापासून नाटकं करतोय. विंडोज यायला वीस-पंचवीस मिनिटं. आली तर माऊस हलतो पण क्लिक लागत नाही, मधेच निळा स्क्रीन. आतून टक-टक. पाच वर्षांचे हिशोब त्यातच, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. काय करू? लवकर सांगा, ऑडिटर फोन करकरून डोकं खातोय.

सोल्डर_आणि_चहा:
कुठली विंडोज? डिस्क केवढी? केबल साटा की जुनी आयडीई? टकटक चालू करतानाच की सारखी? बॅकअप? एवढं तरी सांगा, इथून कपाळ वाचता येत नाही.

सेक्रेटरी_वैतागलेला:
विंडोज ७. ५०० जीबी. केबल लाल, बारीक पट्टीसारखी. टकटक अधूनमधून, फाइल उघडताना. डिस्क मी सेक्रेटरी व्हायच्या आधीची. आणि बॅकअप असता तर धागा काढला असता का?

परळ_ते_पनवेल:
लाल पट्टी म्हणजे साटा. पण विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला हो! सरळ एसएसडी टाका, ती तबकड्या नसलेली वेगवान डिस्क. माझ्या जुन्या डब्यात टाकली, चहा गाळेपर्यंत चालू होतो.

सोल्डर_आणि_चहा:
त्यांना हिशोब हवेत, वेग नको.

खटपट्या:
केबल बघा आधी. पावसाळ्यात आपल्याकडे कनेक्टरवर हिरवट थर चढतो. माझी डिस्कही मेली मेली म्हणत होते, नवीन केबल लावली, अजून चालतेय.

दादरची_आत्या:
आमच्या ह्यांनी डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती. सकाळी चालू!

सोल्डर_आणि_चहा:
आत्या, नको. ताकाच्या गार ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं ते आतल्या तबकड्यांवर सुटलं तर संपलं. डेटा वाचणारा हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतो, थेंबाला जागाच नाही तिथे.

दादरची_आत्या:
चालली होती म्हणजे चालली होती.

सेक्रेटरी_वैतागलेला:
भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून दिलं, डिस्कची तब्येत दाखवतं ते. पिवळ्यात 'कॉशन'. ०५ पुढे शून्य, सी५ पुढे १ए८, सी७ पुढे शून्य. आकड्यात ए कुठून आला?

सोल्डर_आणि_चहा:
हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत दाखवतं ते. १ए८ म्हणजे ४२४. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी७ केबलच्या चुका मोजतो, तो शून्य. खटपट्या, तुमची केबल निर्दोष सुटली.

खटपट्या:
४२४ सेक्टर गुणिले ५१२ बाइट, म्हणजे २१२ केबी. एवढ्यासाठी माणसाला घाबरवताय? विंडोजचं चेकडिस्क लावा, सगळं सरळ होईल.

सेक्रेटरी_वैतागलेला:
ते काल रात्रीच लावलं. ११ टक्क्यांवर अडकलं, सकाळी बटण दाबून बंद केलं.

सोल्डर_आणि_चहा:
अहो, हे आत्ता सांगताय? चेकडिस्क फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी सरळ करतं, डेटा वाचवत नाही. जे वाचता येत नाही ते सोडून देतं, वर आजारी डिस्कला अख्खी ५०० जीबी घासायला लावतं. परत लावू नका. आणि ते २१२ केबी हिशोबाच्या फाइलमध्येच असतील तर?
पीसी बंद करा. दुसऱ्या मशीनवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून हा पीसी चालू करा. टॅलीचं डेटा फोल्डर तेवढं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. डिस्कवर काहीही लिहू नका.

बायनरी_बोरकूट:
असहमत. आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल. चांगला भाग आधी उचलतं, खराब भाग मॅपफाइलमध्ये नोंदवून नंतर परत प्रयत्न करतं. फाइली क्लोनवरून काढायच्या.

सोल्डर_आणि_चहा:
पुस्तकी बरोबर. पण त्यांच्याकडे दुसरी ५०० जीबी आहे का? फोल्डर काहीशे एमबीचं असेल. घराला आग लागली की आधी दागिने, मग कपाट.

परळ_ते_पनवेल:
सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते ना? आमच्याकडे दोन वर्षं झालीच नाही, उपनिबंधकांकडे तक्रार करता येते का?

खटपट्या:
त्यासाठी वेगळा धागा काढा.

सेक्रेटरी_वैतागलेला:
लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, एकाने डिस्क कानाला लावली, कलिंगडासारखी दोनदा हलवली आणि म्हणाला डेटा काढायचे आठ हजार. उठून आलो. मिंटने चालू केलं. सगळं आलं, फक्त ट्रानएमजीआर.९०० अर्ध्यावर येऊन थांबते. नेमकी हीच?

सोल्डर_आणि_चहा:
व्हाउचर त्यातच असतात. तासभर डिस्क थंड होऊ द्या, मग तेवढ्याच फाइलवर डीडीरेस्क्यू चालवा. आली की तिची आणखी एक कॉपी करून ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर टॅलीत कंट्रोल-ऑल्ट-आर, म्हणजे रीराइट, त्यात टॅली डेटा नव्याने लिहून दुरुस्त करतं. आणि हो, डिस्कवर टीबीके९००.००१ नावाची फाइल शोधा. कुणी कधी चुकून बॅकअप घेतला असेल तर तीच.

सेक्रेटरी_वैतागलेला:
तिसऱ्या खेपेला फाइल आली. रीराइट झालं. फेब्रुवारीतल्या दोन पावत्या गायब, त्या पुस्तकातून परत टाकतोय. टीबीके सापडली, पण २०१८ ची. जुन्या खजिनदारांची कृपा. नवीन डिस्क उद्या.

सोल्डर_आणि_चहा:
दोन घ्या.

खटपट्या:
केबलही बदला हो, पन्नास-शंभरचा तर खर्च.

उसळपाव:
उशिरा वाचला धागा. त्या पीसीची रॅम डीडीआर२ आहे का? विकणार असाल तर कळवा, मी ठाण्यात.