तेलकट पाण्यावरचं यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीचं) मेंब्रेन दोन दिवसांत चोक होतंय, मदत हवी आहे

महापे एमआयडीसीत ल्युब ऑइल ब्लेंडिंगचं युनिट आहे. ड्रम धुतलेलं पाणी, रोज साधारण ३० हजार लिटर. आधी ऑइल सेपरेटर, मग तेलाचे कण गोळा करायला पीएसी (पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) आणि कॅटायनिक पॉली (धनभारित पॉलिमर) टाकून डीएएफ (हवेच्या बारीक बुडबुड्यांनी तेल वर तरंगवून काढणारी टाकी), शेवटी पीव्हीडीएफ प्लास्टिकचं होलो फायबर (पोकळ धाग्यांचं) यूएफ. आउटलेटला तेल-ग्रीस १० मिग्रॅ/लिटरच्या आत येतं, तक्रार तिथे नाही. फ्लक्स (मेंब्रेनमधून पाणी गाळलं जाण्याचा वेग) मात्र ४५ वरून १५ एलएमएचवर (दर चौरस मीटरला तासाला लिटर) घसरतो.

दोन बॅकवॉशमधलं (उलट्या प्रवाहाने धुण्यामधलं) अंतर निम्म्यावर आणलं, फरक शून्य. कॉस्टिक-हायपोने (कॉस्टिक सोडा आणि हायपोक्लोराइट) सीआयपी (मेंब्रेन जागेवरच रसायनाने धुणं) केलं, नंतर सायट्रिकने. दोन दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. पीएच १० च्या वर न्यायला सप्लायर नको म्हणतो, पीव्हीडीएफला कॉस्टिक सोसत नाही म्हणून. सिरॅमिक मेंब्रेनचं कोटेशन आलंय; आकडा बघून मालक गप्पच झाले.

मला संशय पॉलीचा आहे. डोस ऑपरेटर अंदाजाने टाकतो, आणि उरलेली कॅटायनिक पॉली ऋणभारित मेंब्रेनला चिकटते. की ड्रम धुण्याच्या डिटर्जंटने इमल्शन इतकं बारीक होतंय की डीएएफला ते पकडताच येत नाही?

प्लांट एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही. दोन्हींपैकी नेमकं कारण कोणतं, हे साइटवरच ओळखायची सोपी चाचणी कुणी केली आहे का?