निर्वासितांचं करायचं काय, हे सरकारनं ठरवलंय का?

विटेकर: मेहुणे गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात आसामात सिलचरला असतात. परवा फोनवर म्हणाले, म्यानमारमधले चिन जमातीचे लोक अजून मिझोराममध्येच आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिकडं लष्करानं सत्ता घेतली आणि मार्चमध्ये केंद्राचं पत्र आलं : लोंढा रोखा, परत पाठवा, कुणाला निर्वासित ठरवायचा अधिकार राज्याला नाही. मिझोराम म्हणालं, ही आमची भावकी. दयामाया राहू द्या बाजूला. पण सरकारला यांना सांभाळायचंय, वसवायचंय की घालवायचंय? १९७१ ला पूर्व पाकिस्तानातनं सुमारे एक कोटी लोक आले तेव्हा इंदिरा गांधींचं पक्कं होतं, खाऊ घालू पण परत जायचं. त्यांच्या खर्चासाठी पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावायचो आपण.

कोयनाकाठ, पाटण : ते परत गेले युद्ध जिंकलं म्हणून. धोरणाचं कौतुक कशाला? आमच्या आज्याचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. पर्यायी जमिनीची कागदं आज्याकडनं बापाकडं, बापाकडनं माझ्याकडं आली. पिशवी तीच, नाडी तेवढी बदलली. आधी घरच्यांचं बघा.

मिरजकर : भाऊ, तुमची कागदं चिन लोकांनी अडवलेली नाहीत. लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळ गांधीनगरला जातो ना? तिथं वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून सुमारे ५ हजार पोलिश लोक होते, महायुद्धातले निर्वासित. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी आले. पहिले पाहुणे, दुसरे कायमचे. दोन्ही वेळा सगळ्यांना माहीत होतं, कोण किती दिवस राहणार.

कोयनाकाठ, पाटण : पोलिशांचा खर्च त्यांचं सरकार उचलत होतं. आणि सिंधी आपलेच. जोड जुळत नाही राव.

कृष्णाकाठचा वकील : मुळात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही आपल्याकडं. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही नाही. तिबेटींना कर्नाटकात मुंडगोडला वसाहत, श्रीलंकेच्या तमिळांना छावण्या, रोहिंग्यांना घुसखोर म्हणायचं. माणूस बघून नियम. माझ्या मते हे मुद्दामच आहे आणि बरोबर आहे. असला शेजार असताना सही करून हात कशाला बांधून घ्यायचे?

विटेकर : हात दिल्लीचे मोकळे, वकीलसाहेब. भात मिझोराम शिजवतंय. सही नका करू, पण किती दिवस आणि कुणाच्या पैशानं एवढं तरी लिहून द्या की त्यांना.

कोयनाकाठ, पाटण : लिहून दिलेलं आमच्या पिशवीत भरपूर आहे, बघायला या. अन् मिरजकर, बस्त्याला कधी जाताय? पुतणीचं लग्न काढलंय.