पॉलिमर डांबराला थकवा चाचणी सक्तीची हवी का?

लॅबवाला
महामार्गाच्या वरच्या थराला आता सर्रास पॉलिमर डांबर (पॉलिमर मिसळून सुधारलेलं) असतं. पैसे जास्त मोजतो, पण डिझाइनमध्ये त्याचं चीज होत नाही. रस्ता डिझाइनच्या आयआरसी 37 (2018) या संहितेत 35 अंशांना साध्या व्हीजी 40 डांबराच्या मिश्रणाचा मॉड्युलस, म्हणजे कडकपणा, 3000 मेगापास्कल धरलाय, सुधारित डांबराचा 1600. तडे जाण्याचं सूत्र मात्र दोघांना एकच! मोठ्या कामांना थकव्याची बीम चाचणी सक्तीची करा: 20 अंश, सेकंदाला 10 हेलकावे, कडकपणा निम्म्यावर येईपर्यंत मिश्रणाचा बीम वाकवत राहायचा.

रोलरमागे
ठरावीक स्ट्रेनवर (किती ताणलं जातं ते कायम ठेवून) चाचणी घेतली की मऊ मिश्रण जिंकणार, ठरावीक स्ट्रेसवर (जोर कायम ठेवून) घेतली की कडक. तुम्हाला हवा तो विजेता काढून देतो, बोला!
तडे जाण्याच्या त्याच सूत्रातला, डांबर आणि पोकळ्यांवरून ठरणारा सी घटक बघा. मिश्रणात डांबर आकारमानाने 11.5 टक्के धरा. हवेच्या पोकळ्या 3.5 वरून 7 टक्क्यांवर गेल्या की आयुष्य पाचव्या हिश्श्यावर येतं. पॉलिमर डांबर जरा थंडावलं की रोलरला दाद देत नाही. डंपर वाहतुकीत अडकला आणि माल तसाच पसरला, की तुमचा बीम फाइलीत आणि तडे रस्त्यावर.

लॅबवाला
दबाई तपासू नका असं कोण म्हणतंय? रस्त्यातून कोअर (नमुने) काढाच. आणि एकाच स्ट्रेनवर निकाल लावायचाच नसतो. तीन पातळ्यांवर बीम तोडायचे, रेषा काढायची, आपल्या रस्त्यात जेवढा स्ट्रेन येतो तिथे आयुष्य वाचायचं. एवढं केलं तर विजेता निवडायला वाव कुठे उरतो?

डिझाइनवाली
दोघंही एक गोष्ट विसरताय. आपण स्ट्रेन मोजतो तो डांबरी थरांच्या तळाशी, म्हणजे डीबीएमच्या (खालच्या डांबरी थराच्या) खाली. पॉलिमर घालतो बीसीत, म्हणजे सर्वांत वरच्या 40-50 मिमी थरात. त्या बीसीचा बीम तोडून तळाचा तडा कसा कळणार? वरून खाली येणारे तडे हा वेगळा आजार आहे, त्यात डांबर उन्हाने म्हातारं होण्याचा मोठा वाटा. डीबीएममध्ये पॉलिमर घालून जाडी कमी करू म्हणत असाल, तर मात्र चाचणीशिवाय सही करणार नाही.

रोलरमागे
हे पटलं. फक्त बीम प्लांटच्या ताज्या मालातून करा, लॅबमध्ये निवांत कालवलेल्या मिश्रणातून नको.